खडा निघाला, नळी राहिली

मुतखड्याचं ऑपरेशन झालं असं कळलं की भेटायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "टाके किती पडले?" एकही नाही म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो, आपण ऑपरेशन केलंच नाही असं काहीसं त्याला वाटतं. माझं दुर्बिणीनं झालं, लघवीच्या वाटेनं, लेझरनं. पोटावर ना पाठीवर ओरखडा. त्यामुळे घरादाराचा हिशेब असा होता की टेबलावरचा तास-दीड तास निभावला की गंगेत घोडं न्हालं. प्रत्यक्षात टेबलावरचा भाग सगळ्यात सोपा. अवघड होते ते नंतरचे आठवडे, आणि त्याबद्दल कुणी आपणहून फारसं बोलत नाही. विचारलं की सांगतात, पण काय विचारायचं हेच पेशंटला माहीत नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे. हरभऱ्याची आवक जोरात असली की सकाळी गादीवर बसलेला माणूस सौदा, काटा, पट्टी यात दुपार कधी झाली ते विसरतो. चहा येत राहतो, पाण्याची आठवण होत नाही. वर लातूरचा उन्हाळा. खडा व्हायला याहून जास्त काही लागत नाही, हे नंतर कळलं.

दुखणं एका रात्री डाव्या बरगडीखाली, मागच्या बाजूला सुरू झालं आणि पुढं सरकत जांघेपर्यंत उतरलं. या कळेची खूण अशी की माणसाला कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही. अपेंडिक्सवाला हललं तर दुखेल म्हणून निपचित पडतो. खडेवाला खोलीभर फिरतो, भिंतीला डोकं लावतो, खाली बसतो, परत उठतो. मला उलट्या सुरू झाल्या तेव्हा भावानं गाडीवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. तिथल्या रात्रपाळीच्या डॉक्टरनं माझ्या येरझाऱ्या बघूनच "खडा दिसतोय" म्हटलं आणि कमरेत इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात माणसात आलो.

सकाळी सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन. या सीटीला रंगाचं इंजेक्शन लागत नाही, उपाशी राहावं लागत नाही, दहा मिनिटांत खाली उतरवतात. निदान आलं: डाव्या मूत्रवाहिनीत ९ मिलिमीटरचा खडा, वर किडनीला सूज. मूत्रवाहिनी म्हणजे किडनीतून मूत्राशयापर्यंत लघवी आणणारी नळी. ती आतून जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर रुंद असते, आणि तिच्यात हा अडकलेला.

ही बातमी गावात पोचेपर्यंत इलाजांची यादी तयार झाली होती. आईनं हुलगे भिजत घातले. शेजारच्या काकूंनी पानफुटीची पानं आणून दिली. मोंढ्यातल्या मंडळींचा आवडता इलाज बिअर, तोही सोबतीनं घ्यायच्या तयारीसकट. मी युरोसर्जनला सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "पाच मिलिमीटरच्या आतले खडे बहुतेक आपले आपण पडतात. पडायच्या वेळी माणूस जे पीत असतो त्याला श्रेय मिळतं." माझा त्या मापात बसत नव्हता, आणि किडनीवर ताण आलेला असताना वाट बघणं बरं नव्हे, असं त्यांचं मत पडलं.

त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागं चित्र काढून तीन रस्ते दाखवले. बाहेरून झटके देऊन खडा फोडायचा, लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून लेझरनं फोडायचा, किंवा खडा मोठा आणि किडनीतच असेल तर पाठीतून छिद्र पाडून काढायचा. माझ्यासाठी मधला. त्याच वेळी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, आणि संमतीपत्रावर सही करायच्या आधी प्रत्येकानं त्या नीट ऐकून घ्याव्यात असं मला वाटतं. पहिली अशी की आत एक प्लास्टिकची नळी ठेवावी लागेल आणि ती नंतर काढावी लागेल. दुसरी अशी की काही जणांची मूत्रवाहिनी इतकी अरुंद असते की दुर्बीण वर जातच नाही. मग जोर करत नाहीत. नुसती नळी ठेवून बाहेर येतात, दोनेक आठवड्यांत नळीमुळे वाट सैल होते आणि मग खडा काढतात. माझ्या बाजूच्या कॉटवरच्या निलंग्याच्या मामांचं असंच झालं. त्यांच्या पोरांना हे आधी कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे "ऑपरेशन फसलं" म्हणून वॉर्डात बराच आवाज झाला. खरं तर काहीच फसलं नव्हतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं, पण योजनेला जोडलेल्या रुग्णालयातच. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी आरोग्यमित्राच्या टेबलावर जायचं. तिथून मंजुरी मागवतात, ती येईपर्यंत तातडी नसेल तर थांबावं लागतं. आणि नळी काढायचा खर्च यातच धरलाय का वेगळा, हे त्याच टेबलावर विचारून घ्या. आम्हाला एकानं एक सांगितलं, दुसऱ्यानं दुसरं.

भरती झाल्यावर रक्त-लघवीच्या तपासण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे. यातली लघवीची कल्चर तपासणी दोन-तीन दिवस घेते आणि नातेवाइकांना ती उगीच लांबण वाटते. ती का करतात ते ऐकण्यासारखं आहे. लघवीत जंतू असताना दुर्बीण घातली आणि आत पाण्याचा दाब दिला तर ते जंतू रक्तात शिरू शकतात, आणि मग साधं ऑपरेशन आयसीयूपर्यंत जातं. म्हणून आधी जंतू मारायचे, मग खड्याला हात लावायचा.

आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. त्यांचे प्रश्न ऐकून वाटतं यांचा आपल्या खड्याशी काय संबंध. दात हलतात का, कवळी आहे का, तंबाखू खाता का, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का, बीपी-शुगरची गोळी कुठली, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. मग म्हणाल्या, "तोंड उघडा, तीन बोटं उभी जातात का बघू." माझी गेली. मामांची दीड गेली. वर्षानुवर्षं गुटखा. मामा म्हणाले, "मॅडम, ऑपरेशन खाली हाय, तोंडाचं काय करायलाव?" मॅडमनी शांतपणे समजावलं की कमरेखालची भूल लागू पडली नाही तर पूर्ण भूल द्यावी लागते, तेव्हा श्वासाची नळी तोंडातून घालावी लागते, आणि तोंड उघडत नसेल तर जीव तिथंच अडतो. वॉर्डातल्या दोघा-तिघांनी गुपचूप आपापली बोटं तोंडात घालून बघितली. मीही परत एकदा.

या प्रश्नांना खरी उत्तरं द्यायची. मामांनी आधी तंबाखूला नाही म्हटलं होतं, सुनेसमोर. आणि हृदयासाठी रोज घेत असलेली छोटी गोळी "ती काय औषधात धरायची नाही" म्हणून सांगितलीच नव्हती. नेमकी तीच रक्त पातळ करणारी निघाली. अशी गोळी कधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे डॉक्टर ठरवतात. आपण मनानं चालूही ठेवायची नाही आणि बंदही करायची नाही.

रात्रीनंतर खाणं बंद, सकाळी पाण्याचा घोटही किती वाजेपर्यंत चालेल ते सांगतात. आईला हे पटेना, "निदान चहा तरी" असं तिचं चालू होतं. पोटात अन्न असलं आणि भुलीत उलटी झाली तर ते फुप्फुसात जाऊ शकतं, इतकं सांगितल्यावर ती गप्प झाली. दुधाचा चहा यात अन्नच धरतात.

सकाळी वॉर्डातले मामा (वॉर्डबॉयला सगळेच मामा म्हणतात, आयाबाईंना मावशी) कात्री-वस्तरा घेऊन आले. केस काढले, अंगठी उतरवली, मनगटातला गंडा काढला. मग करदोडा. तो मुंजीच्या वयापासून कमरेला, आणि आईच्या लेखी तो तुटणं म्हणजे अपशकुन. मामांना याची सवय असावी. त्यांनी कात्री बाजूला ठेवली, गाठ नखानं सोडवली आणि दोरा कागदात गुंडाळून आईच्याच हातात दिला. "तुटला न्हाई आजी, सोडला." डाव्या कुशीवर पेननं बाण काढला होता. थिएटरच्या दारात नाव विचारलं, कुठलं ऑपरेशन विचारलं, कुठली बाजू विचारली. आत गेल्यावर परत तेच. यांना फाइल वाचता येत नाही का असं वाटू देऊ नका. बाजू चुकू नये म्हणून तीन-तीनदा विचारायचीच पद्धत आहे, आणि उत्तर आपण स्वतः तोंडानं द्यायचं असतं.

थिएटर म्हणजे थंडी. बाहेर चाळीसच्या वरचं ऊन आणि आत अंगावर एक हिरवा झगा. टेबलावर बसवलं, पोटाशी उशी दिली, हनुवटी छातीला टेकवून पाठ बाहेर काढायला सांगितलं. मणक्यातल्या इंजेक्शनची मला सगळ्यात धास्ती होती, कारण "त्यानं कंबर जन्माची जाते" हे प्रत्येकानं सांगितलेलं. खरं म्हणजे आधीचं कातडी बधिर करायचं इंजेक्शन तेवढं चावतं. मोठ्या सुईचा नुसता दाब जाणवतो. एकदा डाव्या पायातून करंट गेल्यासारखं झालं, मी तसं बोललो, मॅडमनी सुई जराशी वळवली. हलायचं नाही, पण बोलायचं, हा तिथला नियम.

मग मिनिटभरात बूड गरम, मांड्या गरम, आणि पाय दुसऱ्याचे. स्पिरिटचा बोळा लावून गार लागतं का विचारत वर वर येतात. मधेच मला मळमळलं, डोळ्यांपुढं काळं आलं. सांगितलं. बीपी खाली येतं यानं, असं म्हणत त्यांनी सलाइनमधून काहीतरी सोडलं आणि दोन मिनिटांत मी पूर्ववत. खांदे थडथड उडायला लागतात तेही भुलीमुळेच. पाय वर टांगून ठेवतात. लाज वाटते, पण पडद्यामुळे आपल्याला काही दिसत नाही आणि त्या लोकांना त्यात काही नवल नसतं.

मला पडदा नको तिथं संपत होता, म्हणजे डोकं वळवलं की डॉक्टरांच्या समोरचा स्क्रीन दिसायचा. गुलाबी बोगदा, त्यात पाणी वाहतंय, आणि समोर पिवळट-तपकिरी खडबडीत खडा, जेमतेम हरभऱ्याच्या दाण्याएवढा असेल, पण स्क्रीनवर डोंगर. त्यावर हिरवा ठिपका नाचायचा, टकटक आवाज यायचा आणि धूळ उडायची. डॉक्टरांनी तो चेचत आणला, थोडे तुकडे चिमट्यानं काढून बाटलीत घातले, बाकी चुरा लघवीतून जाईल म्हणाले. एवढ्याशा दगडानं मला रात्रभर भिंतीला धरून उभं केलं होतं, याचा रागच आला.

पाऊण तासानं मी बाहेर. आता पेशंटनं आणि त्याहून जास्त नातेवाइकांनी धीर धरायचा काळ. पाय काही तास उचलत नाहीत. आधी बोटं हलतात, मग घोटा. भूल उतरताना मुंग्या येतात. पाय जागेवर आले म्हणून लगेच उठायला जाऊ नका, पहिल्यांदा उठताना कुणीतरी धरायला हवं, चक्कर येतेच. आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत उठून बसलं की डोकं ठणकतंय आणि आडवं झालं की थांबतंय, असं झालं तर ते भुलीच्या सुईचं दुखणं असतं, तेव्हा भूलतज्ज्ञांना कळवायचं. मला झालं नाही, समोरच्या कॉटवरच्या पोराला झालं. तो आपला डोकेदुखीच्या गोळ्या खात बसला होता.

लघवीच्या जागी नळी आणि खाली पिशवी. पिशवीत कलिंगडाच्या रसासारखं लाल. बायको दारातूनच "अगं बाई" म्हणून थांबली. सिस्टरनं सरळ सांगितलं, "गुलाबी-लाल चालतं. गुठळ्या आल्या, किंवा पिशवीत येणंच थांबलं तर हाक मारा." असं दोन ओळींत सांगणारं माणूस भेटलं की निम्मं भय जातं. ही नळी असताना सारखी लघवी लागल्यासारखं वाटतं. पिशवीत तर जातच असते, पण मेंदूला पटत नाही. जोर करायचा नाही. मी केला आणि कळ वर टाळूपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ही पिशवीची नळी काढली. त्यानंतरची पहिली लघवी मिरची लावल्यासारखी, दुसरी थोडी कमी, संध्याकाळपर्यंत सोसण्याजोगी. भांड्यात वाळूसारखं काहीतरी दिसलं, मी उत्साहानं सिस्टरला दाखवायला बोलावलं. तिनं रोजच बघितलेलं.

नाश्त्याला आईनं घरून चुरमुऱ्यांचा सुशीला करून आणला आणि सगळा वॉर्ड कढीपत्त्याच्या वासानं जागा झाला. भेटायला येणाऱ्यांची रीघ मात्र फार. आपल्याकडं दवाखान्यात भेटायला न जाणं म्हणजे लग्नाला न जाण्याहून वाईट. बिस्किटाचा पुडा, शहाळं, आणि कॉटच्या कडेला बसून "आमच्या मेव्हण्याचंबी असंच झालतं" अशी गोष्ट. त्या मेव्हण्याचं पुढं कधीच चांगलं झालेलं नसतं. आमच्या मावशींनी एका दुपारी सगळ्यांना हाकललं, मी मनोमन हात जोडले.

घरी सोडताना गोळ्यांचा पुडा, आणि कार्डावर तारीख. इथून खरं सुरू झालं.

आत राहिलेल्या नळीला डीजे स्टेंट म्हणतात. साधारण २६ सेंटिमीटर लांब, बारीक, मऊ प्लास्टिकची, दोन्ही टोकं वळलेली. एक वळण किडनीत, एक मूत्राशयात, म्हणून ती जागची हलत नाही. लेझरनं आतून सुजलेली मूत्रवाहिनी बंद होऊ नये, लघवी उतरत राहावी, यासाठी ती असते. काम चांगलं करते, पण अंगात आहे हे क्षणभर विसरू देत नाही. मूत्राशयातलं टोक आतून टोचत राहतं, त्यामुळे दर अर्ध्या-पाऊण तासाला घाई. नुसती घाई नव्हे, आता नाही गेलो तर इथंच होईल अशी. रात्री परत परत उठणं. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे लघवी करताना डाव्या कुशीत, पार बरगडीखाली कळ. मला वाटलं वर दुसरा खडा राहिला. तसं नसतं. नळी उघडी असल्यामुळे लघवीला जोर लागला की थोडी उलटी वर किडनीकडं ढकलली जाते, ती ही कळ. घाईसाठी एक गोळी देतात. तिनं घाई कमी होते, तोंड मात्र सुकतं आणि पोट साफ होत नाही. त्यासाठी इसबगोल आधीच चालू करावा, कुंथल्यानं लघवी लाल होते.

लाल होण्याचं असं की बसून राहिलं तर पाण्यासारखी, दगदग झाली की परत लाल. थोड्या दिवसांनी मी गादीवर जाऊन बसायला लागलो होतो. एक दिवस वसुलीसाठी मोटारसायकलवर औशाच्या पुढं एका गावी गेलो. जाता-येता रस्ता कसला ते सांगत नाही. परत आलो तर लघवी जांभळ्या रंगाची. रुग्णालयात फोन लावला. सिस्टरनं तीनच गोष्टी विचारल्या. थंडी-ताप आहे का, गुठळ्या पडतायत का, लघवी होतेय ना नीट. ताप नाही, गुठळ्या नाहीत, होतेय. "मग पाणी प्या, पडून राहा, उद्या सकाळपर्यंत फिकी झाली नाही तर या." सकाळी फिकी झाली. हे तीन प्रश्न मी नंतर कितीतरी जणांना फोनवर सांगितलेत. त्यातला तापाचा सगळ्यात वजनदार. नळी आत असताना हुडहुडी भरून ताप आला तर तो साधा ताप धरायचा नाही, घरची तापाची गोळी खाऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी निघायचं. लघवी अडली, किंवा दिलेल्या गोळ्यांनीही कळ थांबेना, तरीही तसंच.

एक प्रश्न पुरुष मंडळी विचारत नाहीत आणि बायका तर नाहीच नाही. नवरा-बायकोनं जवळ यायला नळीची आडकाठी नसते, पण दुखतं, आणि लालसर दिसू शकतं. माझ्या डॉक्टरांनी हे न विचारता, फाइलमधून मान वर न करता सांगून टाकलं. बरं केलं.

नळी ठरल्या तारखेला काढून घेणं याबद्दल मी जरा जास्त बोलतो असं घरचे म्हणतात. पण डॉक्टरांनी मला एक एक्स-रे दाखवला होता. बीड जिल्ह्यातला एक ऊसतोड कामगार. नळी घातली, आठवड्याभरात बरं वाटलं, आणि टोळी कारखान्यावर निघाली तशी तोही गेला. तिथून आला तो हंगाम संपल्यावर. आला तरी दवाखान्यात नाही, कारण पुढं त्रास कमी झाला होता. जेव्हा आला तेव्हा नळीवर खड्याची पुटं चढलेली, दोन्ही टोकांना लिंबाएवढे गोळे. जी गोष्ट पाच मिनिटांत निघाली असती तिच्यासाठी त्याची परत ऑपरेशनं करावी लागली. त्याला दोष तरी कसा द्यायचा? उचल घेतलेला माणूस तारखेसाठी थांबत नाही. पण सोडताना कार्डावर इंग्रजीत एक ओळ लिहून भागत नाही, घरातल्या दोन माणसांना तोंडी बजावून सांगायला पाहिजे की आत नळी आहे. मी दुकानातल्या कॅलेंडरवर तारखेभोवती लाल गोल केला आणि हमालांनासुद्धा सांगून ठेवलं. ते रोज विचारायचे, "मुनीमजी, नळी कवा?"

काढायला भूल नव्हती. वाटेत बधिर करणारी जेली सोडतात, थोडं थांबतात, मग दुर्बीण. सांगून ठेवतो, पुरुषांना हे झोंबतं. डॉक्टर म्हणाले अंग आवळू नका, लघवी सोडतोय असं करा. ते केलं की खरंच वाट सैल होते. चिमट्यानं टोक धरलं आणि सर्रकन ओढून काढली. मोजून दोन-तीन मिनिटं. समोर ट्रेमध्ये निळसर, ओली, गोल वळलेली नळी पडली होती. घ्यायची का घरी, असं मावशीनं चेष्टेनं विचारलं.

त्या संध्याकाळी परत तीच जुनी कळ. हुबेहूब पहिल्या रात्रीसारखी, फक्त धार कमी. घरात पळापळ. याचीही कल्पना मला निघताना दिलेली होती, म्हणून मी शांत राहू शकलो. नळी काढल्यावर मूत्रवाहिनी काही तास आखडते, सुजते. गोळी घेतली, गरम पाण्याची पिशवी धरली, मध्यरात्रीपर्यंत ओसरली. दुसऱ्या दिवसापासून लघवी ही गोष्ट मी विसरून गेलो, आणि निरोगीपणा म्हणजे बहुधा हेच असावं.

बाटलीतले तुकडे तपासायला पाठवले होते. कॅल्शियम ऑक्झलेट, सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. मी लगेच दूध बंद करायच्या तयारीत. डॉक्टर म्हणाले उलटं आहे, जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून बाहेर नेतं, दूध-ताक घ्या, मीठ कमी करा. आमच्याकडं शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही आणि चटणीही शेंगदाण्याचीच. त्यातही हे ऑक्झलेट असतं, म्हणून ते बंद नाही, पण हात आखडता. पालकही तसाच. टोमॅटोच्या बिया काढत बसू नका, म्हणाले. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानंच खडे होतात ना, असं मी विचारलं, कारण लातुरात हे सगळ्यांना पाठ आहे. ते म्हणाले, पाणी जड आहे त्यापेक्षा तुम्ही ते पीत नाही हे जास्त नडतं. हिशेब पिण्याचा ठेवायचा नाही, लघवीचा ठेवायचा. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी. त्यासाठी पावसाळ्यात तीन लिटर पाणी पुरेल, मे महिन्यात मोंढ्यात घाम गाळणाऱ्याला चारही कमी पडेल. एक दिवस मापाच्या भांड्यानं मोजून बघा म्हणाले. बघितलं. सव्वा लिटरही भरली नव्हती, आणि मला वाटत होतं मी आता भरपूर पाणी पितो. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या शहरात आम्ही वाढलो, पाणी मोजून वापरायची सवय हाडात गेली आहे. ती पिण्यापुरती सोडणं सोपं नाही.

आता गादीशेजारी दोन बाटल्या असतात, दुपारच्या सौद्याआधी पहिली संपवायची. परवाच्या सोनोग्राफीत डाव्या बाजूची सूज गेलेली आहे. उजव्या किडनीत ४ मिलिमीटरचा एक बसलेला दिसतोय. तो काढायचा नाही, दुखत नाही तोवर हात लावायचा नाही, सहा महिन्यांनी परत बघायचा. दुखायला लागला तर उजवीकडं दुखेल, आणि सोबत ताप असेल तर थेट यायचं, बाकी फोन करून विचारायचं. सीटीची सीडी, स्टेंटचं कार्ड आणि खड्याचा रिपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी कुठं आहे ते मी बायकोला आणि भावाला, दोघांनाही दाखवून ठेवलंय.